झग्याचं माप

शहराला पहिल्यांदा महापौर बसायचा ठरला
तेव्हा वडलांनी झगा शिवला,
डाळिंबी मखमल, काठाला जर.
उरल्या तुकड्याची
थोरल्या बहिणीला कुंची झाली.

तेव्हापासनं ही वही आहे.
लांबडी, उधारीच्या खात्याची असते तसली.
वर नाव टाकानं, शाईनं,
कारण नाव मोठ्या माणसाचं.
खाली खांदा, छाती, बाही, उंची
पेन्सिलीनं,
कारण माप बदलतंय.

कोंडिबा मगदूम, तालमीतला गडी, छाती सेहेचाळीस.
हात वर केला की काखेत उसवायचं.
"मास्तर, सभागृहात हात वर करायलाच बसलोय,"
म्हणाले, म्हणून कळी घातली.
ती अजून आहे.
मग निगवेकर, काटकुळे.
दोन्ही अंगांनी चार-चार बोटं आत घेतली.
कात्री लावली नाही.
वडील सांगायचे, झगा कापायचा नसतो, दुमडायचा.
पुढचा कोण येईल काय सांगावं.

आधी वर्षाला एक माणूस यायचा.
मग दोन यायला लागले.
मग एका दिवाळीपासनं दुसऱ्या दिवाळीपर्यंत चार.
वर कुठंतरी महिने वाटून घेतलेले असायचे,
भावकीत विहिरीच्या पाळ्या असतात तसे.
मी दोरा तोडतोय न तोडतोय
तोवर शिपाई सदू झगा घेऊन दारात,
"उसवा मास्तर, राजीनामा झाला."
कॉलरीला गुलाल तसाच.
एकाच्या गुलालावर दुसऱ्याचा गुलाल,
धुवायला सवड कुणाला?

अनसूया टिपुगडे निवडून आल्या
तेव्हा माप सांगायला नवरा आला.
"घाला की अंदाजानं."
मी म्हटलं, अंदाजानं उशीचे अभ्रे शिवतात.
मग त्या आल्या. एकट्या, रात्री साडेआठला,
शटर अर्धं ओढलं होतं.
आरशात बराच वेळ बघितलं.
हसल्या नाहीत.
"ह्याला खिसा बसतोय का, मास्तर?"
कशाला?
"किल्ली ठेवीन. माझ्या केबिनची."
आतल्या अंगाला बसवला.

तीन महिने नऊ दिवस होत्या त्या.
झगा परत आला तेव्हा खिशात किल्ली नव्हती,
प्रभागातल्या नळांचे सात अर्ज होते, चौघडी घातलेले.
मी सदूकडं दिले, पुढच्या साहेबांसाठी.
पुढच्या साहेबांनी निरोप धाडला, खिसा काढा.
काढला नाही. तोंडावर टाके घालून बंद केला.

पुराच्या साली पंचगंगा शुक्रवार पेठेत शिरली,
दुकानात कंबरभर, तीन दिवस.
मशीन माळ्यावर चढवली, झगा चढवला,
वही राहिली.
पाणी उतरल्यावर गच्चीवर पानं सुटी केली,
एकेकावर एकेक खडा.
शाई धुवून गेली होती.
नावांचा नुसता निळा डाग,
ह्याच्यात तो, त्याच्यात हा.
मापं तेवढी राहिली.
छाती सेहेचाळीस, हे मगदूम, ह्यांना ओळखतो.
खांदा पंधरा, बाही एकवीस,
ह्या कोण?
बायको म्हणाली, टाका की आता.
मी पानं पुन्हा शिवली, जाड दोऱ्यानं.

मधली काही वर्षं प्रशासक होते.
साहेबांना झगा लागत नाही, सही लागते.
सदू निवृत्त झाला. झगा माझ्याच कपाटात
डांबरगोळ्यांच्या वासात.
कधी नातू घालायचा आणि अंगणात
कुणालातरी हार घालायचा.

परवा फोन आला, मास्तर, टेप घेऊन बसा.
बाई का बुवा, विचारलं नाही.
नवं पान काढलंय.
नावसुद्धा ह्या वेळी पेन्सिलीनं लिहीन म्हणतो.

आणि काल रात्री चष्मा लावून
खिशाच्या तोंडाचे टाके उसवून ठेवलेत.
सांगणार नाही कुणाला.
हात गेला तर जाईल.