हिवाळ्याआधीचं तेल

एल्कची शिकार संपली की आठवड्याभरात
रेंडालेनच्या क्लबातल्या रायफली
माझ्या स्वयंपाकघरात येतात.
दरवर्षी सात. या वर्षी आठ.

टेबलावर जुना पेपर पसरते, हवामानाचं पान वर.
बोल्ट मागे ओढून बाहेर काढायचा,
शेपटाकडची टोपी पिळायची,
आणि अंगठा दाबून धरायचा, नाहीतर
स्प्रिंग सुटते, चुलीमागे जाते,
मग रांगत शोधा एकाहत्तराव्या वर्षी.

उन्हाळ्यातलं ग्रीस आता गोठल्या मधासारखं.
रॉकेलची चिंधी, मग कोरडी चिंधी,
मग दातकोरणीला गुंडाळलेला कापूस,
पिनच्या वाटेवरची काळी साय निघेपर्यंत.
थंडीत तेल घट्ट झालं की पिन निघते वेळेवर
पण पोचते उशिरा.
किती उशिरा, ते पापणीला कळत नाही.
तीनशे मीटरवरच्या कागदाला कळतं:
एक भोक वर, एक खाली,
आणि नेमबाज वाऱ्याला शिव्या देतोय.

म्हणून एक थेंब.
एकच, आणि तोही पुसून टाकायचा.

ओद्मुंदला हे कधी पटलं नाही.
आपली रायफल तो आपणच उघडायचा, शेडमध्ये,
दार लावून.
अति तिथे माती, मी बाहेरून ओरडायचे,
तुझ्या बोल्टात तर अति तिथे चिखल!
शेवटच्या दोन हंगामांत त्याची
पाचातली एक गोळी उडायचीच नाही.
खट्. आणि शांतता.
शेजारच्या मॅटवरचे हसायचे, तोही हसायचा.
न उडालेलं काडतूस घरी आणून दाखवायचा:
टिकलीवर पिनची खूण,
कणकेवर पोराने बोट टेकवावं तेवढी.
"तुझंच खरं, हल्दिस. ग्रीस."
आणि मी खूष व्हायचे.

आठवी रायफल त्याची.
फेब्रुवारीपासून कपाटात होती,
आता क्वेर्नमूंच्या सुनिव्हाला द्यायचं ठरलंय.
बोल्ट उघडला.
आत ग्रीस नाही.
कोरडा, लख्ख. एक थेंब, तोही पुसलेला.

स्प्रिंग हाताला मऊ लागली.
नव्या स्प्रिंगशेजारी पेपरवर ठेवून पाहिली:
तार बारीक, दोन वेढे कमी.
ही या रायफलीची नव्हेच.
कापल्या टोकाला कानशीचे ओरखडे, डावीकडून उजवीकडे.
तो डावरा होता.

बोल्टचा दांडा उचलताना
हीच स्प्रिंग दाबावी लागते, दर गोळीला.
त्या दिवसांत त्याची बोटं
जॅमची बाटली माझ्याकडे सरकवायची.
"तू उघड, माझा हात ओला आहे."
मी उघडायचे.
हात कोरडा असायचा. माझं बोलणं चालूच असायचं.

कॉफी उतू गेली ती पुसली.
पिन किती बाहेर येते ते गेज लावून पाहिलं.
टोकाला खड्डा नाही. ठीक.

नवी स्प्रिंग बसवायला घेतली, तर
माझ्याही अंगठ्याखाली राहीना.
तीनदा. चौथ्यांदा गेली चुलीमागे.

सुनिव्हा आली ती सायकल दारात आडवी टाकून,
बुटांना बर्चची पिवळी पानं चिकटलेली.
तिनेच रांगत शोधली, फुंकर मारली,
अंगठा ठेवला, दाबली, पिळली.
"झालं? एवढंच?"
एवढंच, म्हटलं.

ती गेल्यावर वही काढली.
आठव्या रायफलीचं पान, दोन वर्षांच्या दोन ओळी,
अक्षर माझं: ग्रीस जास्त. ग्रीस जास्त.
खोडलं नाही.
खाली तारीख घातली,
आणि लिहिलं: स्प्रिंग बदलली.