धरमकाटा

कळमन्याच्या धरमकाट्यावर बावीस वर्षं बसतो मी.
भरलेली गाडी येते, आकडा पडतो.
माल उतरवून रिकामी येते, आकडा पडतो.
मोठ्यातून लहान वजा. उरला तो माल.
पावतीवर दोन्ही आकडे छापलेले असतात,
एकच दाखवून कोणी पैसे मागत नाही.

डिसेंबरात मिरचीच्या गाड्या लागतात,
खिडकी लावली तरी शिंका थांबत नाहीत.
तशात उत्कर्षा डबा घेऊन आली,
डब्याच्याच पिशवीत लॅपटॉप.
म्हणाली, बाबा, इथलं नेट बरं आहे,
अन् आजच ठरवावं लागते.

दोन परीक्षा तिच्या.
मार्चची काटोल रोडवरच्या शाळेत,
गणित सातशे साठ, इंग्रजी पाचशे नव्वद.
ऑगस्टची हैदराबादला, इथल्या जागा भरल्या म्हणून.
रात्रभर बसमध्ये पाण्याची बाटली धरून मी,
आदिलाबादनंतर तिला उलट्या.
गणित सहाशे नव्वद, इंग्रजी सहाशे ऐंशी.

आता तीन कॉलेजं, तिघांची तीन तोंडं.
एक म्हणते, जे असेल ते सगळं दाखवा.
एक म्हणते, मार्चचं गणित द्या, ऑगस्टचं इंग्रजी द्या,
बेरीज आम्ही करतो, चौदाशे चाळीस.
एक म्हणते, नाही दाखवलं तरी चालेल,
आम्ही काही वाईट समजणार नाही.

या तिसऱ्याचीच मला जास्त भीती वाटली.

पण अडलो दुसऱ्यावर.
म्हटलं, पोरी, भरलेली गाडी तोलताना ड्रायव्हर आत बसतो,
रिकामी तोलताना हळूच उतरून बिडी ओढायला जातो,
तेवढ्यात साठ-सत्तर किलो मिरची हवेतून पिकते.
हे मी रोज पकडतो. अन् तू तेच करून राहिली.
चौदाशे चाळीसवाली पोरगी
कोणत्या दिवशी परीक्षेला बसली होती, सांग.

ती हसली नाही.
म्हणाली, अन् बसमध्ये उलट्या करणारी, बाबा?
ती काय रोजची आहे?

बाहेर हॉर्न वाजला. मी पावती फाडली,
हमालाच्या हातात दिली,
हात रिकामा झाला तरी उत्तर सुचलं नव्हतं.

ती सात वर्षांची असताना, एका रविवारी, बाजार बंद,
मी तिला या काट्यावर उभं केलं होतं.
एवढं थोरलं लोखंड, मधोमध ती, चपला काढून.
स्क्रीनवर वीस.
त्याच आठवड्यात दवाखान्यात अठरा भरली होती.
समजावलं, हा काटा दहा-दहानं मोजतो,
मधलं काही त्याला दिसत नाही.
तर म्हणे, मग वरचे दोन किलो कोणाचे?
काट्याचे, म्हटलं, अन् विषय संपवला.

आज पाहिलं, तिचे आकडेही शून्यावरच थांबतात.
साठ. नव्वद. ऐंशी.
मधलं काही त्यांनाही दिसत नसेल.

पहिल्याला दोन्ही पाठवले.
दुसऱ्याला त्यांच्या नियमानं; मी बरं म्हटलं,
मोठ्यानं नाही.
तिसऱ्याच्या चौकटीपाशी मात्र ती बसूनच राहिली.
पाठवू का नको पाठवू, एवढंच विचारलं होतं तिथं.
वांग्याची भाजी गार झाली.
तिच्या आईचा दोनदा फोन येऊन गेला.
बाबा, तुम्ही काय केलं असतं?
मी काय करणार. मला तर बारावीनंतर
कोणी काही दाखव म्हटलंच नव्हतं.

साडेअकराला एक लांब गाडी काट्यावर चढली,
खोली नेहमीसारखी जराशी हलली,
अन् तिचं बोट पडलं.
कुठं पडलं, तिनं सांगितलं नाही.
मीही विचारलं नाही,
आकडा स्थिर व्हायची वाट पाहत होतो.