झालर

पिक्चर संपला तेव्हा टाळ्या वाजल्या नाहीत.
मंगल कार्यालयातले ट्यूबलाइट फडफडत पेटले
आणि दीडशे म्हातारी पोरं
एकमेकांकडं बघायला लागली.
कुणाचं टक्कल, कुणाला साखर,
कुणाच्या बनियनवर अजून तोच दरवाजा,
धुऊन धुऊन भेगाळलेला.

'दक्खन दरवाजा.'
आमच्या जालन्याचा बँड. तीन गिटारी, एक ड्रम,
आणि प्रल्हाद दाभाडेचा गळा:
पत्र्याच्या शेडवर कुणी साखळदंड ओढत न्यावा तसा.

मग सगळे एकदमच बोलायला लागले.

"वीस मिनिटं नुसता ॲक्सिडेंट दाखवला, कामून?
मॅटडोर, वाटूर फाटा, उसाची ट्रॉली,
पुन्हा मॅटडोर.
चौदा वर्षं वाजवत होते की वो,
ती कुठं गेली?"
हे बियाण्याच्या दुकानातले सारडा मुनीम.
डोळे पुसतानासुद्धा मिनिटं मोजलेली.

"वहीदकू एकच सीन दिया रे!"
"हौ, और वो बी नमाजका.
ड्रमपे बिठाना था ना उसको.
हात दिखाना था, हात."

मिशन कंपाउंडच्या रूथबाई काठी टेकत उठल्या.
"इम्यानुएल चर्चमध्ये गिटार शिकला म्हणे.
चर्चमध्ये पेटी होती, अन् ती पण उंदरांनी खाल्लेली.
शिकला तो आमच्या मागं, पोस्टमनच्या खोलीत.
पहिली तार तुटली तर त्यानं
सायकलच्या ब्रेकची लावली."
ब्रेकची नव्हे, लुनाच्या क्लचची, असं कुणी म्हणालं,
आणि त्यावर खरं भांडण झालं,
खुर्च्या सरकल्या,
क्लचचीच, असं ठरलं
आणि चहा आला.

पिक्चर काढणारं पोरगं भिंतीला चिकटून
वहीत उतरवून घेत होतं सगळं.
आता लिहून घेतंय, म्हणलं, बिचारं.

मी गप्प होते.
मी त्यांच्या एकाही प्रोग्रामला गेलेली नाही.
गणपतीत मैदानावर वाजायचे तेव्हा
मी आमच्या गच्चीवर,
लोखंडी टाकीला टेकून बसलेली.
गाणं अर्धंमुर्धंच यायचं, वारा फिरेल तसं.
पण ठोका टाकीतल्या पाण्यात उतरायचा
आणि पत्र्यातून माझ्या पाठीत.

तर पडद्यावर ते जाकीट आलं.
तपकिरी, दोन्ही बाह्यांना झालर.
मागून एक भारदस्त आवाज म्हणाला,
हे प्रल्हादनं मुंबईहून आणलं होतं.

मुंबईहून!
जीपच्या सीटचं रेक्झिन होतं ते,
औरंगाबाद रोडच्या भंगारातलं.
वडलांनी माप घेतलं अन् म्हणले, असली थेरं आपल्याला जमत नाहीत.
रात्री मी मशीनवर बसले.
सोळाची होते.
तीन सुया मोडल्या, कात्रीची धार गेली,
सकाळी दोन्हीचा हिशेब द्यावा लागला.
उजव्या बाहीला बावीस पट्ट्या.
डावीला एकवीस,
तिथं रेक्झिन संपलं.
त्याला कधी कळलं नाही,
किंवा कळलं असंल, बोलला नाही.
शिलाई सात रुपये, तीन हप्त्यांत.

पडद्यावर तो माइककडं वळला,
डावा हात वर नेला,
झालर सुटी झाली, उडाली.
ह्या गर्दीत कोण रडत होतं, कोण शिट्ट्या मारत होतं,
मी मोजत होते.
मोजून व्हायच्या आत सीन बदलला.
पुन्हा मॅटडोर.

निघताना त्या पोरानं गाठलंच.
"मावशी, तुम्ही काहीच नाही बोललात.
कसा वाटला?"
मला जाकिटाचं सांगायचं होतं.
तोंडातून भलतंच निघालं.
"आवाज लई बारीक ठेवलाय रे बाबा.
पाठीला लागत नाही."

त्यानं मान डोलवली,
वहीत लिहिलं: आवाज.
पाठीचं काही विचारलं नाही.