मागच्या चाकांचा वाटा

पेन्यास्कोच्या चढावर गॅरेजचं दार उत्तरेला,
म्हणून ऑक्टोबरातच फरशी बर्फासारखी.
मी पाठीवर, सत्त्याऐंशीच्या टोयोटाच्या पोटाखाली.
एउसेबिओचे फक्त बूट दिसतात,
डाव्याची नाडी म्हणजे विजेची वायर.

बूट म्हणतात:
काल ट्रुचासच्या उतारावर, पिन्योनची लाकडं काठोकाठ,
पाय दाबला, नाक खाली गेलं
आणि मागून लाकडं ढकलतच राहिली,
चर्चमधून सुटलेल्या पोरांसारखी.

लायनर नवे. ड्रम मीच घासून दिलेले.
टॉर्च फिरवते, तेव्हा ती दिसते:
ॲक्सलवरून निघालेली बोटभर दांडी,
वर चासीवरच्या मुठीएवढ्या व्हॉल्व्हपर्यंत गेलेली,
चिखलाने माखलेली, कुणी नावही न विचारलेली.

गाडी भरली की पाठ दबते, दांडी वर सरकते,
व्हॉल्व्ह मागच्या चाकांना त्यांचा वाटा पुरता देतो.
रिकामी असली की हात आखडता घेतो,
नाहीतर बर्फावर रितं शेपूट
गर्रकन फिरून तोंडापुढे येईल.
वजन तिला कळत नाही.
कळतं ते अंतर, ॲक्सल आणि चासीमधलं.

आणि अंतर तर वाढलंय.
स्प्रिंगखाली चार इंचाचे लोखंडी ठोकळे,
निळे, अजून नव्यासारखे.
"हे कुणी?"
"बेनितोनं. हॉब्सला जायच्या आधीच्या रविवारी.
उंच गाडी छान दिसते म्हणाला."
बूट जरा मागे सरतात.
"तेलाच्या विहिरींवर आहे आता. फोन करतो.
कधीकधी."

म्हणजे एप्रिलपासून दांडी खाली लोंबतेय
आणि व्हॉल्व्हला सांगतेय: रिकामी आहे, रिकामी आहे.
अर्धा टन लाकूड पाठीवर, तरी रिकामी.
खोटं नाही बोलत ती. तिला दिसतं तेच.

"ठोकळे काढते. दुपारपर्यंत होईल."
बूट गप्प.
मग उजवा बूट एक खडा हळूच बाजूला करतो.
"दुसरं काही नाही होणार?"

होतं.
चार इंची पट्टी कापली,
ॲक्सलवर वेल्ड केली, दांडीचं टोक तिच्यावर बसवलं.
गाडी उंचच राहिली.
ब्रेक ऑइल बदललं, हवा काढली,
व्हॉल्व्हवरच्या निपलमधूनही, तिथली सगळे विसरतात.

संध्याकाळी लाकडं भरून उतारावर नेली.
दाबला. मागच्या चाकांनीही खडी ओरबाडली.
एउसेबिओ काहीच बोलला नाही,
खाली उतरून गुडघ्यांवर बसला
आणि त्या निळ्या ठोकळ्यावरचा चिखल
अंगठ्याने पुसला.

पैसे दिले, वर पिन्योनची एक मोळी.
मोळी उचलली तशी गाडीची पाठ
केसभर वर आली.
मी वाकून पाहिलं.
दांडीही तेवढीच.