थापा

आई डॉलरमध्ये मोजत नाही.
विचारते, बोस्टन म्हणजे किती पुपुसा?

मी भागाकार करते.
मक्याचं पीठ, चीज, गॅस, कागदी थाळी वजा जाता
एकीमागे दीड डॉलर सुटतो असं धरून
बोस्टन बेचाळीस हजार.
लॉस एंजेलिस साठ.
तिथं म्हणे ट्रक रात्री आपल्या दारात ठेवता येत नाही,
मोरेनामावशी सांगते,
त्याला झोपायलासुद्धा भाड्याची जागा लागते.
आम्ही सहाजण एका गॅरेजात झोपायचो, आई म्हणते,
ट्रकचं नशीब बरं.

इंडियानापोलिस बावीस हजार.
आईनं नकाशावर बोट फिरवत शोधलं ते.
तिथं आपलं कोण आहे?
वहीत यासाठी रकाना नव्हता. मी आखला,
आणि रिकामा सोडला.

एक पुपुसा थापायला चाळीस सेकंद.
रात्री दहा ते सहा ती विम्याच्या कचेऱ्या पुसते,
मग चेल्सीतल्या आमच्या ओट्यापाशी उभी राहून
शेजाऱ्यांच्या ऑर्डरी थापते.
टप टप टप, मी भिंतीपलीकडे अभ्यास करते,
आणि चाळीस सेकंद गुणिले बेचाळीस हजार
हे उत्तर तिला सांगत नाही.

एव्हरेटचा दलाल फौस्तो, तोही थापतो.
ट्रक एका नर्सबाईचा होता, रविवारीच बाहेर काढायची.
गंज? हा रंग आहे.
परवाना? ट्रकबरोबरच येतो,
कुत्र्याबरोबर पट्टा येतो तसा.
आईला इंग्रजी येत नाही. तिनं फक्त
टायरला अंगठा लावून पाहिला
आणि मला म्हणाली, चल.

मग ह्यूस्टनहून विल्बरमामाचा फोन.
ताई, माझाच घे. सव्वीस हजारांत
तो इथं उभा केला होता मी.
इथं बर्फ नाही, परवानाही परवडतो.
मग विकतोस का, हे आईनं विचारलं नाही.
मी विचारलं.
बराच वेळ फोनवर नुसता पंखा फिरत राहिला.
रोज भाड्याच्या स्वयंपाकघरात जायचं, तो म्हणाला,
घाण पाणी ओतायचं, चांगलं भरायचं, शिक्का घ्यायचा,
मग गिऱ्हाईक.
सुरू करायला काय लागतं ते सगळे सांगतात, पोरी.
चालू ठेवायला काय लागतं ते कुणी विचारत नाही.

चार दिवस चालवत तो ट्रक उत्तरेला आणला त्यानं.
पेट्रोल तीनशे चाळीस पुपुसा.
बोस्टनच्या तपासनिसानं ह्यूस्टनचे शिक्के वाचले,
चांगले आहेत म्हणाला, आणि बाजूला ठेवले.
आगीचे नळ बदला. धूर ओढणारी चिमणी बदला.
बेसिनं तीन आहेत, हात धुवायचं चौथं कुठाय?
चार आण्याची कोंबडी, बारा आण्यांचा मसाला.
चौथं बेसिन बसवायला
ज्या फळीवर आई कुर्तिदोच्या बरण्या ठेवणार होती
ती कापावी लागली.
मामा करवत चालवत होता,
आई खाली भुसा झाडत होती,
दोघंही एकमेकांशी बोलत नव्हती.

फॉर्मवर एक ओळ होती: मालकाचा पगार.
मी स्पॅनिशमध्ये वाचून दाखवली.
आई हसली. तिला वाटलं
चुकून दुसऱ्या कुणाचा फॉर्म आलाय.

फरशांच्या दुकानामागे, मंगळवारी, अकरा वाजता
खिडकी उघडली. वर तिचं नाव: एदुविहेस.
एक तास कुणीही नाही.
दोन कबुतरं, आणि कार्ड-मशीन शोधत बसलेलं नेटवर्क.
मग मीच रांगेत उभी राहिले,
एकटी, रांग दिसावी म्हणून थोडी मागे सरकून.
चार डॉलरची नोट दिली असती, पण तशी नोट नसते.
पाच दिले.

तिनं थापली, भाजली, उलटली,
कुर्तिदो घातलं,
आणि गल्ला उघडून
एक डॉलर परत दिला.

वहीत लिहिलं मी. उरल्या किती,
ते अजून मांडायचंय,
कारण नळांचं बिल आलेलं नाही.