नुकताच, नुसताच

ग्रिम्सबीच्या गोदीमागे, मेथडिस्ट चॅपलच्या वरच्या खोलीत
दर गुरुवारी सात वाजता इंग्रजी शिकवतात.
हीटर एकच. तो ज्याच्या पायाशी, त्याचे उच्चार बरे येतात.

रविवारच्या शाळेच्या जुन्या फळ्यावर
ईनिड कॉथॉर्नबाई आज एकच शब्द लिहितात: जस्ट.
म्हणतात, हे क्रियाविशेषण मिठासारखं.
चिमूटभर कुठेही पडतं,
पडलं की वेगळं काढता येत नाही.

मग उदाहरणं.
जस्ट दोन मासे: दोनच, तिसरा मागू नका.
जस्ट इथेच: बोट ठेवलंय तिथे, वीतभरही इकडेतिकडे नाही.
भांडं जस्ट पडलं: अजून गोल फिरतंय.
बूट जस्ट बसतो: आत अंगठा श्वास रोखून आहे.
जस्ट ऐका तर: याला काही अर्थ नाही,
समोरचा दार लावत असताना म्हणायचं.

आपण असे शब्द मोजून देतो:
फक्त, नेमकं, आत्ताच, जेमतेम, जरा.
इंग्रजी सगळीकडे तेच एक नाणं टेकवते
आणि सुटे परत देत नाही.

इरिट्रियाचा तेस्फालेम शब्दकोशातून मान वर काढतो.
"बाई, इथे न्याय्य असाही अर्थ दिलाय."
"ते विशेषण," बाई म्हणतात. "न्याय पुढच्या गुरुवारी."
तो वहीत तारीख लिहून घेतो.
त्याचा अर्ज सरकारकडे पडून अकरा महिने झालेत.

दानुते मासळीच्या कारखान्यातून थेट येते.
दिवसभर हॅडॉकचे काटे काढून बोटं फिकुटलेली,
पेन सुरीसारखं धरते.
तिचं वाक्य: ही जस्ट लेफ्ट.
"मग पळ की!" बाई म्हणतात. "कोपऱ्यावरच असेल अजून."
वर्ग हसतो. दानुतेही हसते, सगळ्यांचं हसून झाल्यावर.

आठ वर्षं झाली, ती सांगते. क्लाइपेडाला.
चहाला पाणी ठेवून गेला.
भांडण नाही, चिठ्ठी नाही, छत्रीसुद्धा खुंटीला.
पाणी उकळून उकळून आटलं,
मग तिने गॅस बंद केला.
ही जस्ट लेफ्ट.

खडू थांबतो.

तो नुकताच गेला.
तो नुसताच गेला.
मराठीत मधलं एक अक्षर तरी बदलतं,
हात टेकायला तेवढी जागा मिळते.
इंग्रजीत दोघेही एकाच दाराने बाहेर पडतात,
कोणता गेला, ते मागे राहिलेल्याने ओळखायचं.

बाई तिची वही घेतात. कर्ता, क्रियापद, पूर्णविराम.
चूक शोधतात. चूक असती तर बरं झालं असतं.
बरोबरची खूण करतात;
तिचं शेपूट जरा लांबतं, समासाबाहेर जातं.

साडेआठ. शेवटची बस वळणावर दिसते.
दानुते पिशवी छातीशी धरून पळते,
दार मिटता मिटता मध्ये हात घालते.
ड्रायव्हर दार पुन्हा उघडतो.
"ओन्ली जस्ट, लव्ह."

ती मागच्या खिडकीशी बसते,
माशाचा वास कुणाला जाऊ नये म्हणून बोटं बाहीत ओढून.
ओन्ली जस्ट. फक्त फक्त? आत्ताच फक्त?
हे फळ्यावर नव्हतं.
विचारायला हवं पुढच्या गुरुवारी,
न्याय सुरू व्हायच्या आधी.