सात मिलिमीटर

मागणीपत्रावर नाव नव्हतं.
एक आकडा, एक वर्तुळ,
वर्तुळाच्या पोटातून आडवी रेघ:
व्यास सात मिलिमीटर.
नमुन्यादाखल दोनशे भिंगं, बावीस तारखेच्या आत.

ताइचुंगच्या उत्तरेला आमचा कारखाना.
एवढ्याशा कागदानं
जेवणाच्या सुट्टीला तोंड फुटलं.

"संगणकवाले आहेत," पॅकिंगमधला ल्याओ म्हणाला.
त्याच्या मेव्हण्यानं म्हणे विमानतळावर
कुणा परदेशी इंजिनियरच्या बॅगेवरची चिठ्ठी वाचली होती.
"खिशात मावेल असा कॅमेरा काढतायत.
रीळ नाही, धुणं नाही, काही नाही."

मग काय. बाजारात तुरी,
आणि आम्ही डबे उघडून फोडणीवरून भांडलो.
कुणी म्हणे एकच बटण असेल.
कुणी म्हणे तेही नसेल, नुसतं बघितलं की निघेल फोटो.
रात्रपाळीच्या श्यू-छिननं तर रंगसुद्धा ठरवला,
भाताच्या पेजेसारखा पांढरा,
आणि किंमत विचारू नका म्हणाली,
जसं काही दुकान तिचंच.

छियू मास्तर बोलले नाहीत.
चाळीस वर्षं काच घासून
त्यांच्या अंगठ्यावर रेषा उरलेल्या नाहीत,
ठसा घ्यावा तर नुसता डाग उमटतो.
शेवटी काडीनं दात कोरत म्हणाले,
"हिशेब करणाऱ्यांना उजेडाचं काय कळतं?
उजेड वाकवावा लागतो,
आणि वाकताना तो कुरकुरतो.
ते ऐकू यावं लागतं."

मी तपासणीच्या टेबलावर.
ओरखडा दिसला की भिंग डावीकडे,
नाही दिसला की उजवीकडे.
अकरा वर्षं.
माझे स्वतःचे फोटो चार.
चौथ्यात तर मी नाहीच, माझं कोपर आहे,
कारण बाबांच्या रिळात घरं छत्तीस
आणि शेवटची पाच
काकांच्या नव्या स्कूटरनं खाल्ली.

म्हणून त्या रात्री अंथरुणात पडल्या पडल्या
मी तो न झालेला कॅमेरा वापरून पाहिला.
आईला टिपलं, लसूण सोलताना,
हात पुसून केस नीट करायच्या आत.
सुपारीच्या टपरीतली पोरगी,
काचेमागे गिऱ्हाइकाची वाट बघत गणितं सोडवणारी.
मास्तरांचा अंगठा.
ओला रस्ता, उगाच.
पुन्हा आई. पुन्हा लसूण.
केवढी उधळपट्टी, आणि रीळ संपेना.
मग जरा भीतीच वाटली.
संपतच नाही म्हटल्यावर
कुठला जपायचा, हे कोण सांगणार?

बावीस तारखेला भिंगं गेली.
पुढचं मागणीपत्र आलं नाही.
ताय साहेब म्हणाले, "कुठला कॅमेरा?
कुणाच्या तरी दाराच्या बेलसाठी होती ती."
ल्याओ म्हणाला, साहेबांना असंच सांगायला सांगितलंय.
मास्तर निवृत्त झाले, फेब्रुवारीत.
श्यू-छिन रंगावर अजून ठाम आहे.

त्या नमुन्यांतलं एक भिंग
ओरखड्यापायी बाद केलं होतं मी.
खरं सांगते, ओरखडा नव्हता.
ते माझ्या कोटाच्या खिशात असतं,
बसच्या सुट्ट्या पैशांत,
आता मात्र पडले असतील ओरखडे.

आज बसला उशीर.
हात लांब करून धरलं ते टपरीसमोर:
टपरी उलटी, दिव्यांची माळ उलटी,
स्टुलावर बसलेली पोरगी डोकं खाली, पाय वर.
तिनं पेन्सिल थांबवली.
आणि बघत राहिली,
सरळ माझ्याकडे.